तिसरा तारा दिसेपर्यंत

ओफाकिम, रविवार, ११ मे १९५८

तीर्थरूप योखेवेदबाय हिस धाकटा भाऊ अबाजी झिराडकर याचा शालोम.

तुझं शेवटचं पत्र पेसाखच्या सणाआधी आलं. त्यानंतर नाही. लोदला सगळं ठीक आहे ना? का रिव्काला काही झालं आहे आणि मायलेकी मिळून माझ्यापासून लपवता? मी रोज पोस्टात विचारतो. तिथला माणूस आता मी दारात दिसलो की आधीच मान हलवतो.

पत्रास कारण की नेहेमियाने बागेत वीज आणली. मुलगा विजेच्या कामावर लागला तेव्हा मला आनंद झाला होता. तो उद्योग घरापर्यंत येईल हे मला कुठे ठाऊक?

तू आमची बाग पाहिलेली नाहीस. घरामागे जमीन मिळाली ती नुसतं पीठ होती. वारा सुटला की निम्मी शेजारच्या एलायजाकडे जायची. मी तिच्यात राख, चहाचा चोथा आणि शेळीच्या लेंड्या घालून अडीच वर्षांत तिला जागेवर बसायला शिकवलं. रामलेहून ओल्या गोणपाटात गुंडाळून मोगऱ्याची फांदी आणली. सब्जा मुंबईहून रुमालाच्या गाठीत आला, तो कस्टमवाल्याला दिसलाच नाही. सांज झाली की मी मागच्या पायरीवर बसतो. काही करत नाही. सांजेला बागेत काही करायचंच नसतं.

हे नेहेमियाला कोण सांगणार? दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, झाडं निजतात, हे आपल्याला बापाने शिकवलं. हा नेमका तेव्हाच रबरी नळी घेऊन उभा. शेतीवाला कोणी माणूस येऊन सांगून गेला म्हणे, की दिवसा घातलेलं पाणी ऊन पिऊन टाकतं. म्हणून निजलेल्याच्या तोंडावर पाणी मारायचं? वर मोगऱ्यावरून तार ओढून तीन दिवे टांगले आहेत. डिना खिडकीत रेडिओ लावते, घडीच्या खुर्चीत बसून विणते आणि म्हणते, "बाबा, बघा, आता रात्रीसुद्धा बाग दिसते." मी म्हटलं, "सूनबाई, बाग दिसायला दिवस आहे. संध्याकाळी बाग हुंगायची असते." उजेड पडला की वास पळतो. यंदा कळ्याही कमी. त्या झाडाला झोप नाही, बाय. मलाही नाही.

फक्त शनिवार माझा उरला आहे. शनिवारी शब्बाथ म्हणून बटणाला कोणी हात लावत नाही. आपली मराठी आठ घरं आमच्या बागेत जमतात आणि तारे मी मोजतो. तिसरा तारा दिसला की मी मोठ्याने "तीन" म्हणतो आणि शब्बाथ सुटतो. मग सब्जाची डहाळी, शुक्रवारी दिवस असतानाच खुडून पेल्यात ठेवलेली, हातोहात फिरते. छापील कागदावर शब्बाथ सुटायची वेळ सात असते, आमचे तारे पावणेसातला हजर. वाळवंटाचं आभाळ तुमच्या लोदसारखं मळकं नाही.

आणि खरी गंमत पुढेच. तारे मोजून झाले तरी कोणी उठत नाही. एलायजाची सिगरेट आठवड्यात फक्त शब्बाथला विझते हे तुला ठाऊक आहे. तोसुद्धा मी "तीन" म्हटल्यावर पाव तास, वीस मिनिटं मांडी घालून गप्प बसतो, पेटवत नाही. अंधाराची गोडी अशी असते. मी काही शिकवलं नाही, आपोआप लागली. एवढंच वाईट की शब्बाथच्या निरोपाच्या, हब्दालाच्या मेणबत्तीच्या वेळी डिनाला दर शनिवारी काडेपेटी सापडत नाही. वीस मिनिटं शोधते. या नव्या मुलींना वस्तू जागेवर ठेवणं माहीत नाही.

आता मोअत्सावाले, म्हणजे इथले म्युनिसिपालटीवाले, आमच्या कुंपणालगत दिव्याचा खांब रोवणार असं ऐकतो. तो लागला तर आभाळ धुऊन निघेल आणि तारे मोजणं संपेल. बाय, माझ्याकडे दुसरं काय आहे? मुंबईत गोदीतल्या क्रेनला तेल घालणारा माणूस मी, मराठी चार बुकं शिकलेला. इथली भाषा येत नाही. दुकानदार मला खुणेने बोलतो. आठवड्यातून एकदा एवढी माणसं माझ्या तोंडाकडे बघतात. तेही गेलं तर मी कुंपणाचा डांब.

तू नेहेमियाची थोरली आत्या. त्याला दोन शब्द लिही. दिवे काढ म्हणावं. डोळे माझे ठणठणीत आहेत. डिना उगाच डॉक्टरचं काढते, तिचं ऐकू नको.

तुझा
अबाजी

---

लोद, शुक्रवार, १६ मे १९५८

चि. अबाजी यास योखेवेदबायचा आशीर्वाद.

मी जिवंत आहे. रिव्का जिवंत आहे. पत्र लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. तुला हे कळायला सत्तर वर्षं लागतील, आणि सदुसष्ट तर झालीच आहेत.

तुझं पत्र मी आमच्या अंगणात, दिव्याखाली, घडीच्या खुर्चीत बसून वाचलं. पाय समोरच्या स्टुलावर, हातात लिंबाचा सोडा, रेडिओवर कोणीतरी बाई गात होती. गाण्यातलं मला अक्षर कळत नाही, म्हणूनच फार सुंदर वाटतं. दिवा नसता तर तुझं रडगाणं सकाळपर्यंत थांबलं असतं. म्हणजे दिव्याचा तोटाही आहे, तो मी कबूल करते.

आपल्या गावचं, झिराडचं, मला सांगू नको. तेव्हा तू लंगोटीत होतास, मी नऊ वर्षांची. बाप संध्याकाळी अंधारात बसायचा तो झाडांच्या झोपेसाठी नव्हे. उजेड दिसला की पाटलाचा भाऊ गप्पा मारायला यायचा आणि जेवल्याशिवाय उठायचा नाही, म्हणून. आई आत चुलीपाशी पदर तोंडात धरून हसायची. झाडं निजतात हे त्याने तुला सांगितलं कारण तू कच्चे पेरू तोडायचास. आज चौसष्ट वर्षांनी सांगते, राग मानू नको.

तरी मोगऱ्याबद्दल तुझं खरं आहे. वास अंधारात जास्त येतो. मी सोडा संपला की दिवा पाच मिनिटं बंद करते आणि रिव्काला सांगते की डोळे दुखतात. हे कोणाला लिहू नको.

आता दोन गोष्टी माझ्या डोक्यात बसत नाहीत. पहिली: तुमचे तारे आमच्यापेक्षा एवढे आधी कसे येतात? आभाळ स्वच्छ असलं म्हणून सूर्याला काय लवकर घरी जायचं असतं? दुसरी: एलायजाला मी पन्नास वर्षं ओळखते. त्याच्या स्वतःच्या लग्नात जेमायमाला आत न्यायच्या आधी तो मांडवामागे सिगरेट ओढून आला होता. तो माणूस शब्बाथ सुटल्यावर वीस मिनिटं गप्प बसतो? अंधाराच्या गोडीने?

नेहेमियाला दिवे काढ असं मी लिहिणार नाही. तीन काय, तीस लावू दे. पण चौकशी मी करेन.

डॉक्टरकडे जा.

तुझी बहीण
योखेवेद

---

ओफाकिम, बुधवार, २१ मे १९५८

तीर्थरूप आत्याबाई यांस डिनाचा शालोम.

तुमचं वेगळ्या पाकिटातलं पत्र पोचलं. बाबांनी ते उन्हासमोर धरून पाहिलं. मी म्हटलं, आत्याबाईंनी विणकामाचा नमुना पाठवला आहे. तेव्हा कृपा करून पुढच्या पत्रात एक नमुना खरंच पाठवा, ते मागणार.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, पण शपथ घाला स्वतःला.

बाबांना दिसत नाही, आत्याबाई. ते कबूल करत नाहीत. चहात साखर दोनदा घालतात आणि म्हणतात, आज गोड हवा होता. हिवाळ्यात शनिवारी सगळे बागेत बसायचे आणि बाबा आभाळाकडे बघत राहायचे. आम्हाला सात तारे दिसायचे, दहा दिसायचे, ते अजून "एक" म्हणत. लोक कुजबुजायला लागले. शेजारची लिली घरी कागदावर वेळ बघून शब्बाथ सोडायला लागली. मग आणखी एक घर. बाबांच्या लक्षात आलं होतं. ते बोलायचे नाहीत, रविवारी जेवायचे नाहीत.

मार्चमध्ये यांना मोअत्साने पाण्याच्या टाकीवर दिवा लावायला पाठवलं, रखवालदारासाठी. घड्याळाची किल्ली आहे, मोअत्साने ठरवलेल्या वेळी, सूर्य बुडाल्यावर आपोआप लागतो. पहिल्याच शनिवारी अंधारायच्या आधीच तो लागला आणि बाबा पायरीवरून उठून उभे राहिले. टाकीच्या अंगाला बोट करून म्हणाले, "तीन!" त्यांचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. आमच्या लग्नात इतका खुलला नव्हता.

एलायजाकाकांनी तोंड उघडलं होतं. जेमायमाकाकूंनी त्यांच्या मांडीला असा चिमटा काढला की ते उघडंच राहिलं.

तेव्हापासून हे चाललं आहे. शब्बाथ कोणीही मोडत नाही, तेवढी खात्री बाळगा. बाबा "तीन" म्हणतात, आम्ही एकमेकांना चांगल्या आठवड्याचं "शाव्वुआ तोव" म्हणतो, सब्जा हुंगतो आणि खरी वेळ होईपर्यंत बसून राहतो. काडेपेटी माझ्या पोलक्यात असते. वेळ झाली की सापडते. एलायजाकाकांचं काय होतं ते मला बघवत नाही. मागच्या शनिवारी त्यांनी सब्जाची डहाळी चावून टाकली.

लिलीसुद्धा परत येते. येताना शुक्रवारी भाजून ठेवलेले वाटाणे आणते.

बागेतल्या दिव्यांचं खरं सांगू? दिवसभर कारखान्यात यंत्रांच्या आवाजात उभी असते. संध्याकाळी उजेडात बसून गाणं ऐकावंसं वाटतं. यात माझं चुकतं का? बाबा माझ्याकडे असं बघतात जसं मी मोगऱ्याला मारलं.

तुमची सून
डिना

---

ओफाकिम, रविवार, १ जून १९५८

तीर्थरूप योखेवेदबाय हिस अबाजीचा शालोम.

तू लिहिलंस ते पेरूचं मी दोन दिवस मनाला लावून घेतलं. मग विचार केला की बाप खोटं बोलला असेल, पण झाडं खोटं बोलत नाहीत. सब्जाची पानं सांजेला मिटतात, मी हाताने चाचपून पाहिली आहेत. म्हणजे सांज व्हायच्या आधी चाचपली.

पण ते राहू दे. मी जिंकलो, बाय!

तू मदत करत नाहीस म्हटल्यावर मीच मोअत्सात गेलो. पहिल्या दिवशी मला कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी मी जेमायमाच्या भाचीकडून, ओरनाकडून, हिब्रूत अर्ज लिहून नेला. ती इथेच शिकलेली. मी मराठीत सांगायचो, ती हिब्रूत विचारायची, आणि आम्ही दोघं एकमेकांवर ओरडायचो. अर्ज एक पान झाला. त्यात काय लिहिलं ते देवाला माहीत. वाचताना तिथला कारकून, यिगाल त्याचं नाव, दोनदा खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. रडत असावा.

मग त्याने मला "सब्बा" म्हटलं. सब्बा म्हणजे आजोबा. ओरनाला मी सोबत नेलं होतं, तिच्या तोंडून म्हणाला, खांब तुमच्या कुंपणाजवळ नको, गल्लीच्या त्या टोकाला रोवू. मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही. शनिवारी सांजेला आमच्या बाजूला एकही सरकारी दिवा आठच्या आत लागता कामा नये. त्याने डोकं खाजवलं, नकाशा काढला, पेन्सिलीने चार खुणा केल्या आणि कागदावर शिक्का मारला. शिक्का, बाय! निळा! मी तो कागद बायबलात ठेवला आहे.

घरी येऊन सांगितलं तर नेहेमिया घास हातात धरून बसला. "आमच्या बाजूचे सगळे दिवे, बाबा?" मी म्हटलं, "सगळे." "टाकीकडचेसुद्धा?" मी म्हटलं, "टाकीकडे कुठे दिवे आहेत? असतील तर तेही." त्याने डिनाकडे बघितलं. ती पाणी आणायला म्हणून जी आत गेली ती आलीच नाही. हार झाली की माणसं अशीच करतात. मी दोघांना जास्त बोललो नाही. जिंकलेल्याने मोठेपणा ठेवावा.

आता येत्या शनिवारी बघ. आभाळ असं काळं, तारे असे ठसठशीत. तुला यायला जमलं तर ये.

अबाजी

ता. क. जिंकलो तरी झोप येत नाही. शिक्का खोटा तर नसेल?

---

लोद, बुधवार, ४ जून १९५८

चि. अबाजी यास आशीर्वाद.

पत्र वाचल्या वाचल्या लिहिते आहे, लिंबाचा सोडा तसाच राहिला.

अरे गाढवा, तो अर्ज मागे घे. का ते विचारू नको. मोठ्या बहिणीचं ऐक. यिगालकडे जा आणि सांग की तुला अंधाराची भीती वाटते. सांग की तुला चोर दिसले. काहीही सांग. टाकीकडे उजेड असलेला बरा, रखवालदार बिचारा पडेल, पाय मोडेल, पाप तुझ्या माथी. तुला काळजी करायला आवडते ना? घे, ही कर.

डिनाला सोबतचा विणकामाचा नमुना दे. उलटसुलट टाके आहेत, तिला समजतील.

योखेवेद

---

ओफाकिम, रविवार, ८ जून १९५८

तीर्थरूप आत्याबाई यांस शालोम.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं तोवर यांना किल्ली फिरवावी लागली होती. वरून लेखी हुकूम आला. टाकीवरचा दिवा शनिवारी आठला. हे मला म्हणाले, "माझ्याच बापाचा तारा मी माझ्या हाताने विझवला."

काल काय झालं ते थोडक्यात सांगते.

सगळे आले. बाबांनी धुतलेला सदरा घातला होता. "एक" म्हणाले. थोड्या वेळाने "दोन" म्हणाले. मग टाकीच्या दिशेला तोंड करून बसले. कागदावर वेळ सात वीस होती. सात वीस झाले. आभाळ तांदूळ सांडल्यासारखं भरलं. बाबांचं "तीन" नाही. साडेसात झाले. लिलीचं मूल भुकेने रडायला लागलं, तिने त्याच्या तोंडात वाटाणा घातला. मला म्हणावंसं वाटत होतं, बाबा, ते बघा, डोक्यावर शंभर आहेत. पण म्हटलं असतं तर सगळ्यांदेखत त्यांचं न दिसणं उघडं पडलं असतं. पावणेआठ. बाबांच्या कपाळावर घाम. कोणी हललं नाही, आत्याबाई. सगळ्यांच्या खिशात कागद आहे. शब्बाथ केव्हाच सुटला होता. एक माणूस उठला नाही.

ठीक आठला टाकीवरचा दिवा लागला आणि बाबा म्हणाले, "तीन." पण नेहमीसारखं नाही. हळू म्हणाले.

एलायजाकाकांनी काडेपेटीची वाट बघितली नाही. त्यांच्याच खिशात होती.

आज सकाळी न्याहारी न करता बाबा काठी घेऊन कुठे गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत. विचारलं तर म्हणाले, पोस्टात. आज तरी त्या पोस्टमास्तराला सुटी द्या, मी म्हटलं. ते हसले. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

डिना

---

ओफाकिम, रविवार, २२ जून १९५८

तीर्थरूप योखेवेदबाय हिस अबाजीचा शालोम.

तीन आठवडे लिहिलं नाही. कसं वाटतं? मुद्दामच नाही लिहिलं.

बाय, तुला सगळं ठाऊक होतं. विणकामाचा नमुना म्हणे! तू जन्मात मोजा विणला नाहीस.

मी सांगतो मला कसं कळलं. त्या शनिवारी मी टाकीच्या अंगाला डोळे लावून बसलो होतो. तारा उगवतो तसा उगवला नाही. तारा आधी नसल्यासारखा असतो, मग असतो. हा पटकन आला. मी तीस वर्षं गोदीत काढली आहेत. बटण दाबल्यावर काय होतं ते मला कळतं. रात्रभर कूस बदलली. रविवारी सकाळी काठी टेकत टाकीपर्यंत गेलो. चढणावर दोनदा बसलो. वर लोखंडी पट्टीला दिवा, आणि तार अशी नीट बांधलेली की बांधणाऱ्याचा हात मी लगेच ओळखला. तिथून वळून पाहिलं तर समोर सरळ रेषेत आमची पायरी.

आधी मला इतकी लाज वाटली की तिथेच राहावं, घरी जाऊ नये, असं झालं. तीन महिने मी दिव्याला तारा म्हणालो आणि माणसं मला हसली असतील. मग वाटलं, शब्बाथ मोडला! आठ घरांचा शब्बाथ माझ्यामुळे मोडला!  टाकीच्या सावलीत बसून एकेक आठवलं. काडेपेटी आठवली. एलायजा डहाळी चावत होता ते आठवलं. आणि आदली रात्र. त्यांना तर तेव्हाही खरे तारे दिसत होते. आठपर्यंत का बसले?

त्याचं उत्तर मला सापडलं, पण ते मी लिहिणार नाही, कारण लिहिताना शाई पसरते.

उतरताना रडू थांबलं आणि राग आला. मला फसवतात? मी यांच्या बापाच्या वयाचा! एलायजाच्या नाही, पण बाकीच्यांच्या. म्हटलं, बघतो आता.

पुढच्या शनिवारी सगळे जमले. मी कोणाला काही बोललो नव्हतो. "एक" म्हटलं. "दोन" म्हटलं. मग बापाच्या तेलघाण्याच्या बैलाची गोष्ट सुरू केली, तो शनिवार ओळखायचा ती. तुला ठाऊक आहे ती लांबवता येते. मी तिला अलिबागपर्यंत नेली. साडेसात झाले असावेत. एलायजाची मांडी हलायला लागली.

"अबाजी," तो म्हणाला, "बैल पुढच्या आठवड्यात आण. जरा टाकीच्या अंगाला बघ."

"टाकीच्या अंगाला काय आहे?"

"तुझा तिसरा तिथेच येतो ना नेहमी."

"तो आठला येतो," मी म्हटलं. "नेहेमियाने किल्ली तशी लावली आहे."

बाय, पलीकडच्या मोरोक्कोवाल्यांच्या गल्लीत कोणी पातेलं घासत होतं ते ऐकू आलं. मग जेमायमाला हसू फुटलं. ती तोंडावर हात दाबून हसत होती, पण तिचं पोट तिचं ऐकत नव्हतं.

"कधी कळलं तुला?" एलायजाने विचारलं.

"आधी सांग, तुम्हाला कधी कळलं?"

 शेवटी डिना म्हणाली, "पहिल्याच शनिवारी, बाबा." आणि रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडू नको, काडेपेटी भिजेल." तेव्हा सगळे असे हसले की मी पण हसलो.

मग जे बोलायचं ते बोललो. सगळ्यांसमोर म्हटलं, की मला एकच तारा दिसतो, तोही मोठा आहे म्हणून. दुसरा मी सवयीने म्हणतो. तिसरा सरकारी होता. तेव्हा आता ज्याने त्याने कागद बघून आपापल्या घरी शब्बाथ सोडावा, माझं काम संपलं. आणि उठलो. काठी सापडेना.

एलायजाने माझा सदरा धरून मला खाली ओढलं. म्हणाला, "बस रे. कागद माझ्या खिशात हिवाळ्यापासून आहे. कागदाने सुटायचं असतं तर मी घरी सुटलो असतो. जेमायमा समोर बसून खोकते ते ऐकत सुटलो असतो."

"मी खोकते?" जेमायमा म्हणाली.

"तुझ्या खोकल्यासाठीच म्हणतो, हवा लागते बाहेर."

त्यांचं भांडण चालू असताना डिना माझ्याजवळ येऊन बसली. तिने माझा हात धरला, बोट सरळ केलं आणि वर नेलं. "हा एक, बाबा. म्हणा." मी "एक" म्हटलं. तिने बोट सरकवलं. मला तिथे काळोखच दिसत होता, पण तिचा हात ठाम होता. "दोन." मग बोट डोक्यावर नेलं, अगदी सरळ वर, मानेत कळ आली. "तीन," मी म्हटलं. तोच माझा आवाज, बाय, पूर्वीसारखा मोठा. गल्लीतून कोणीतरी मोरोक्कोवाला ओरडला, "शाव्वुआ तोव, सब्बा!" म्हणजे तेही आजवर माझ्यावरच विसंबून होते की काय? आता ही नवी काळजी.

दिव्यांचं असं ठरलं, की मोगरा फुलायच्या वेळेला बागेतले दिवे बंद, वास संपला की चालू. वास कधी संपतो हे डिनाने ठरवायचं. रविवारी तिने नेहमीपेक्षा उशिरा लावले. मी विचारलं, "गाणं नाही आज?" म्हणाली, "आधी हुंगून घेते." पाणी मात्र नेहेमिया सांजेलाच घालतो. मी त्या वेळी तोंड फिरवून बसतो, झाडांची माफी मागतो आणि पायावर उडालेलं पाणी गार लागतं ते कोणाला सांगत नाही.

डॉक्टरकडे मंगळवारी बेर शेवाला जातो. मोतीबिंदू असेल तर काढतात म्हणे. डोळे परत आले तर काय करायचं हे मला समजत नाही. कारण आता माझं बोट कोणी धरायचं यावर आठवडाभर भांडण झालं. पाळी लावावी लागली. काल पाळी एलायजाची होती. त्याने माझं बोट धरून मला चार तारे दाखवले.

मी म्हटलं, "अरे, तीन पुरतात."

म्हणाला, "असू दे. पुढच्या शनिवारी ढग आले तर हा वापरू."

तुझा
अबाजी